विद्यार्थ्यासाठी बजेटमधला लॅपटॉप: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचून निवड कशी करावी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी संगणक हा विषय शिकवतो, आणि तरीही भाचीच्या बीकॉमच्या पहिल्या वर्षासाठी मी पसंत करून दिलेल्या लॅपटॉपने दुसऱ्या सत्रातच मान टाकली. चवथीच्या आधीची घाई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, किंमत बजेटात बसत होती आणि "आठ जीबी रॅम आहे ना, मग झाले" असे ताईला मीच सांगितले होते. आत होता दोन कोअरचा, म्हणजे काम करणारे दोनच गाभे असलेला प्रोसेसर आणि ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावर पक्की बसवलेली, हळू) साठवण. विंडोजचे मोठे अपडेट आले तेव्हा जागा पुरेना, आणि ऑनलाइन वर्ग चालू असताना एक्सेलची फाइल उघडली की शिकवणाऱ्या बाईंचा आवाज तुटू लागे. दुकानदाराने काही लपवले नव्हते. प्रोसेसरचा क्रमांक खोक्यावर छापलेला होता. मी तो वाचला नव्हता.

हल्लीच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. साठवणीची एसएसडी पुढे बदलता येते, काही लॅपटॉपमध्ये रॅमही वाढवता येते, पण प्रोसेसर ज्या दिवशी घेतला त्या दिवशी जो होता तोच शेवटपर्यंत राहतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी आता तीन किंवा चार वर्षांची झाली आहे, म्हणजे हा निर्णय निदान तीन-चार वर्षांचा आहे. म्हणून तीस ते पन्नास हजारांच्या बजेटात पैसे कमी पडू लागले, तर काटछाट आधी झाकणाच्या रंगात, वजनात आणि पडद्याच्या आकारात करावी, प्रोसेसरमध्ये सर्वांत शेवटी.

पहिली पायरी: काम कागदावर लिहा

दुकानात जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले खरे काम कागदावर लिहून काढावे, आणि त्यातली किती कामे एकाच वेळी चालू असतात तेही लिहावे. नोट्स टाइप करणे, पीडीएफ वाचणे, गूगल मीट, एक्सेल, हिशोबाचे टॅलीप्राइम यांपैकी एकही काम स्वतः जड नाही. मात्र मीटवर व्याख्यान, ब्राउझरमध्ये बारा टॅब, बाजूला वर्डमधली असाइनमेंट आणि मागे चालणारी विंडोजची विषाणूतपासणी, असे सगळे एकत्र आले की दोन कोअरचा प्रोसेसर दमतो. कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी "आम्हाला काय, नुसते टायपिंग" असे म्हणतात, पण त्यांची खरी गरज या एकत्रित ओझ्यावरून ठरते.

बीसीए, बीएस्सी किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षासाठी सी, पायथन आणि डेटाबेस यांना फार मोठे यंत्र लागत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ वापरावा लागणार असेल, तर मात्र १६ जीबी रॅम आणि एक पायरी वरचा प्रोसेसर गृहीत धरावा. पणजीत अल्तिनोवरच्या वास्तुकला महाविद्यालयात जाणाऱ्यांना त्रिमिती आराखड्यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते आणि त्यांचे बजेटही वेगळे असते, म्हणून त्यांच्यासाठी हा लेख पुरेसा नाही.

दुसरी पायरी: पूर्ण क्रमांक मिळवा

"आय५ आहे", "रायझन ५ आहे" एवढ्या माहितीवर लॅपटॉप घेऊ नये. ही श्रेणीची नावे आहेत, पहिले इंटेल कंपनीचे आणि दुसरे एएमडीचे, आणि एकाच श्रेणीत दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर असतो तसा गेल्या वर्षीचाही असतो. २०१६ सालचा कोअर आय७-७५००यू हा दोन कोअर आणि चार थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामाची रांग) प्रोसेसर आहे, तर २०२२ चा कोअर आय३-१२१५यू हा सहा कोअर आणि आठ थ्रेडचा. वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात पहिल्यावरचे 'आय७' पाहून लोक अजून जास्त पैसे मोजतात, हे मी माझ्याच शेजारात पाहिले आहे.

खोक्याच्या बाजूच्या लेबलवर, दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर किंवा संकेतस्थळावरच्या तपशिलात पूर्ण क्रमांक सापडतो. तो सापडला नाही, तर दुकानदाराला विचारावा, आणि तोही टाळाटाळ करू लागला, तर तो लॅपटॉप तिथेच सोडावा. एकाच नावाचा लॅपटॉप तीन-चार वेगवेगळ्या प्रोसेसरांसह विकला जातो, म्हणून मित्राकडे तोच मॉडेल आहे आणि छान चालतो, याला फारसा अर्थ नाही.

तिसरी पायरी: क्रमांक वाचा

इंटेलचा क्रमांक वाचणे तुलनेने सोपे आहे. कोअर आय५-१२३५यू यात 'आय५' ही श्रेणी, '१२' ही पिढी, '३५' हे त्या पिढीतले स्थान आणि शेवटचे अक्षर म्हणजे विजेच्या वापराचा वर्ग. 'यू' म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी जपणारा, आणि 'एच' म्हणजे ४५ वॅटचा, जास्त काम करणारा आणि जास्त तापणारा. बाराव्या पिढीपासून बहुतेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात. प्रबळ कोअर समोरचे काम चटकन उरकतात आणि किफायती कोअर कमी विजेत मागची कामे सांभाळतात. आय३-१२१५यू मध्ये दोन प्रबळ आणि चार किफायती कोअर आहेत, तर आय५-१२३५यू मध्ये दोन प्रबळ आणि आठ किफायती.

आता एक गंमत पाहावी. २०२२ चा आय३-१२१५यू, २०२३ चा आय३-१३१५यू आणि २०२४ चा 'कोअर ३ १००यू' या तिन्हींत दोन प्रबळ आणि चार किफायती कोअर, आठ थ्रेड अशीच रचना आहे. कमाल वेग ४.४ वरून ४.५ आणि मग ४.७ गिगाहर्ट्झ झाला, बाकी फरक नावाचा. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने नावातले 'आय' काढून टाकले, त्यामुळे शेवटचे नाव एखाद्या सर्वस्वी नव्या वस्तूसारखे वाटते. या तिघांपैकी जो स्वस्त मिळेल आणि ज्यासोबत रॅम व पडदा चांगला असेल तो घ्यावा. केवळ नव्या नावासाठी चार-पाच हजार जास्त देऊ नयेत. आय५-१२३५यू, आय५-१३३५यू आणि 'कोअर ५ १२०यू' यांचीही गोष्ट हीच आहे.

इंटेलच्या 'एन' मालिकेबाबत मात्र सावध राहावे. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे २०२३ पासून लॅपटॉपसाठी मागे पडली आणि त्यांच्या जागी नुसते 'इंटेल प्रोसेसर एन१००' असे नाव आले. यात चार कोअर आहेत, पण चारही किफायती. प्रबळ कोअर एकही नाही, आणि रॅमशी बोलायची वाटही एकच. त्याच घराण्यातला आठ किफायती कोअरचा प्रोसेसर 'कोअर आय३-एन३०५' या नावाने विकला जातो. वर्णनात "आय३, आठ कोअर" एवढेच लिहिलेले असले, तर वाचणाऱ्याला तो सहा कोअरच्या १२१५यू पेक्षा सरस वाटतो. प्रत्यक्षात रोजच्या वापरात, म्हणजे फाइल उघडणे, पान लोड होणे, एक्सेलचे सूत्र चालणे यांत, दोन प्रबळ कोअर असलेला १२१५यू जास्त चपळ वाटतो. कोअरांची संख्या आणि गिगाहर्ट्झ हे आकडे एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांची तुलना करायला ठीक आहेत, दोन घराण्यांची तुलना करायला नाहीत.

एएमडीच्या क्रमांकात फसगत आणखी बारीक आहे. रायझन ७००० मालिकेत चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा वर्ष सांगतो, दुसरा श्रेणी आणि तिसरा आतली रचना: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३ किंवा तिची सुधारित आवृत्ती, ४ म्हणजे झेन ४. म्हणून नजर तिसऱ्या आकड्यावर ठेवावी. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले, तर एका आकड्याचा फरक दिसतो, पण पहिल्यात झेन २ रचनेचे चार कोअर आणि ४ एमबी एल३ कॅशे आहे, तर दुसऱ्यात झेन ३ चे सहा कोअर आणि १६ एमबी. झेन २ ही रचना मुळात २०१९ सालची. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी. ती जितकी मोठी, तितक्या कमी वेळा त्याला रॅमकडे धाव घ्यावी लागते. रायझन ३ ७३३०यू हा झेन ३ चा चार कोअरचा प्रोसेसरही ७५२०यू पेक्षा पुढे आहे, म्हणजे इथे 'तीन' चक्क 'पाच'ला मागे टाकतो. ७५२०यू सोबतची रॅमही बोर्डावर सोल्डर केलेली असते, त्यामुळे आठ जीबीचा घेतला तर तो कायम आठचाच राहतो.

हा तिसऱ्या आकड्याचा नियम आधीच्या ५००० मालिकेला लागू पडत नाही. तिथे रायझन ५ ५५००यू हा झेन २ चा आहे आणि ५६२५यू हा झेन ३ चा. दोघांतही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, आणि विद्यार्थ्याच्या कामाला दोन्ही चालतात. भावात फार फरक नसेल, तर ५६२५यू घ्यावा.

चौथी पायरी: आपल्या कामाशी क्रमांक जुळवा

दोन कोअर आणि दोन थ्रेडचे प्रोसेसर, उदाहरणार्थ सेलेरॉन एन४०२०, सेलेरॉन एन४५०० आणि अ‍ॅथलॉन सिल्व्हर ७१२०यू, पदवीच्या विद्यार्थ्यासाठी घेऊ नयेत, मग किंमत कितीही खाली असो. एन१०० हा त्यांच्याहून बराच बरा आहे. पंचवीस-तीस हजारांच्या पलीकडे खरोखरच जाता येत नसेल, काम लेखन-वाचनाचे असेल आणि सोबत ईएमएमसीऐवजी एसएसडी असेल, तर तो चालेल, पण एका वेळी एकच काम करण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

कला, वाणिज्य आणि बीएडच्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी माझी शिफारस आय३-१२१५यू किंवा त्याची वर सांगितलेली भावंडे, किंवा रायझन ३ ७३३०यू ही आहे. बीसीए, बीएस्सी आणि अभियांत्रिकीसाठी आय५-१२३५यू, १३३५यू, रायझन ५ ५६२५यू किंवा ७५३०यू यांपैकी जो मिळेल तो. चाळीस-पन्नास हजारांच्या लॅपटॉपांत अलीकडे आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच हेही दिसतात. त्यांत चार प्रबळ आणि चार किफायती कोअर आहेत, त्यामुळे मोठा प्रोग्राम कंपाइल करताना आणि व्हिडिओ संपादनात ते स्पष्टपणे पुढे जातात. त्याची किंमत बॅटरीत आणि पंख्याच्या आवाजात मोजावी लागते. वसतिगृहात टेबलावर लॅपटॉप ठेवून वापरणाऱ्याने 'एच' बेलाशक घ्यावा; वाळपईहून कदंब बसने रोज ताळगावच्या पठारावर विद्यापीठात येणाऱ्याने 'यू' घ्यावा. हिशोब साधा आहे. ४२ वॅट-तासांच्या बॅटरीवर सरासरी ७ वॅट खर्च झाले तर सहा तास मिळतात, १२ वॅट झाले तर साडेतीन. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हे अडीच तास फार मोलाचे ठरतात.

'एआय' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या स्टिकरला या बजेटात भुलू नये. विद्यार्थी वापरतात ती एआयची साधने बहुतांशी ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि ती आय३ वरही तशीच चालतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत. पण त्यांची रचना इंटेल-एएमडीहून वेगळ्या, एआरएम पद्धतीची असल्यामुळे खास एआरएमसाठी लिहिलेला ड्रायव्हर नसेल, तर जुना प्रिंटर किंवा प्रयोगशाळेतले उपकरण त्यांना जोडता येत नाही. महाविद्यालयात कोणते सॉफ्टवेअर लागते ते आधी विचारून घ्यावे. विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या क्रोमबुकवर टॅली बसवता येत नाही, एवढे वाणिज्य शाखेसाठी पुरे.

पाचवी पायरी: प्रोसेसरला रॅमची जोड

प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन वाटा असतील, तर रॅमही दोन वाटांवर विभागलेली असावी. आठ जीबीची एकच पट्टी लावली की एक वाट रिकामी राहते, आणि याचा फटका विशेषतः प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला बसतो, कारण त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते. इंटेलने याची एक खूण आपणहून ठेवली आहे. आय५-१२३५यू मधले ग्राफिक्स दोन्ही वाटा भरलेल्या असतील, तर विंडोजमध्ये 'आयरिस एक्सई' असे दिसते, आणि एकच पट्टी असेल, तर त्याच चिपचे नाव 'यूएचडी' असे दिसते. पत्रकावर आयरिस छापलेले आणि पडद्यावर यूएचडी, असे दिसले तर दुसरी पट्टी लावायला जागा आहे का हे विचारावे.

शक्य असेल तर १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी. "नंतर वाढवू" हा सल्ला मीही वर्षानुवर्षे दिला, पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्यामुळे तो पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. साठवणीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी असावी, नाइलाज असेल तर २५६ ची.

सहावी पायरी: दुकानात पंधरा मिनिटे

पणजी, म्हापसा किंवा मडगाव, दुकान कुठलेही असो, मांडून ठेवलेला लॅपटॉप चालू करायला सांगावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात 'सीपीयू'वर क्लिक केले की उजवीकडे वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव येते आणि खाली कोअर व लॉजिकल प्रोसेसर यांची संख्या. १२१५यू असेल, तर तिथे ६ आणि ८ दिसले पाहिजेत. मग 'मेमरी'वर जावे. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक असे लिहिलेले असेल, तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' असे दिसले, तर रॅम सोल्डर केलेली आहे. 'एसओडिम' असेल, तर ती पट्टीच्या रूपात आहे. विक्रेता तोंडाने काहीही सांगो, या खिडकीत दिसते ते खरे मानावे.

नुकताच चालू केलेला लॅपटॉप पहिली काही मिनिटे अपडेट आणि तपासणीत गुंतलेला असतो, म्हणून टास्क मॅनेजरमधला सीपीयूचा आलेख खाली बसेपर्यंत थांबावे. नंतर ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडावेत, एका टॅबमध्ये व्हिडिओ लावावा आणि सोबत एखादी मोठी पीडीएफ भराभर सरकवावी. आलेख उसळून खाली येणे ठीक आहे. तो शंभराजवळ चिकटून राहिला आणि पान अडखळू लागले, तर घरी गेल्यावरही तसेच होणार. कीबोर्डच्या वरच्या भागावर तळहात ठेवून किती तापतो तेही पाहावे. पातळ चेसिसमध्ये उत्पादक प्रोसेसरची वीज मुद्दाम मर्यादित ठेवतात, त्यामुळे एकच क्रमांक दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या वेगाने चालू शकतो, आणि हा फरक कुठल्याही स्टिकरवर छापलेला नसतो. ऑनलाइन खरेदी करणाऱ्याने हीच तपासणी माल परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी करावी, आणि तोवर खोके टाकू नये.

वापरलेला लॅपटॉप घेताना

कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप मजबूत असतात आणि स्वस्तही मिळतात. इंटेलमध्ये आठवी पिढी ही सीमारेषा धरावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर नाहीत. २०१७ चा आय५-८२५०यू हा चार कोअर आणि आठ थ्रेडचा प्रोसेसर आजही साध्या कामाला पुरतो. एएमडीचा असेल, तर मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन चालवून पाहावे. बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरावा, आणि समुद्राजवळच्या घरात वर्षानुवर्षे राहिलेल्या लॅपटॉपचे पोर्ट व बिजागऱ्या गंजल्या नाहीत ना, हे उजेडात पाहावे.

पैसे देण्याआधी

बिलावर लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक, सीरियल नंबर आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घ्यावे; जीएसटीचे बिल देणाऱ्या दुकानात याला सहसा कुणी नकार देत नाही. खोक्यावरचा, टास्क मॅनेजरमधला आणि बिलावरचा क्रमांक एकच असल्याचे पाहूनच पैसे द्यावेत, कारण मांडून ठेवलेला नमुना आणि आतून आणलेले बंद खोके वेगवेगळ्या प्रोसेसरांचे असू शकतात. भाचीचा दुसरा लॅपटॉप घेताना तिने हे तिन्ही क्रमांक स्वतः ताडून पाहिले आणि पहिले खोके परत पाठवून दुसरे मागवले. मी तोवर बाहेर स्कूटर लावायला जागा शोधत होतो.